नाशिकहून जपानला निघालात? येन कुठे घ्यायचे, किती घ्यायचे आणि त्यात पैसे नेमके कुठे जातात?

भारतीय पासपोर्टची पुस्तिका छापली जाते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्याच परिसरातल्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून भारताच्या नोटा छापल्या जातात. म्हणजे परदेशी जायला लागणारं पुस्तक आणि खिशातला रुपया, दोन्ही नाशिकचेच. पण जपानला जायचं ठरलं की याच नाशिकमध्ये प्रश्न पडतो, येन मिळणार कुठे?

डॉलर, युरो किंवा दुबईचा दिरहम शहरातल्या चलन विक्रेत्यांकडे सहज मिळतो, कारण तो घेणारे आणि परत विकणारे लोक रोज येतात. येनचं तसं नाही. मागणी कमी, त्यामुळे साठा कमी, आणि साठा कमी म्हणून दरही जरा चढाच. जपानला जाणाऱ्यांची संख्या वाढली असली तरी ‘उद्या निघायचंय, आज येन द्या’ असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला हमखास महाग दर येतो.

यात एका कुटुंबाचे किती पैसे जाऊ शकतात? चुकीची पद्धत निवडली तर लाखभर येनमागे दोन-अडीच हजार रुपये. आणि टूर कंपनीच्या पत्रकातली एक ओळ नीट वाचली नाही तर त्याच्या कित्येक पट. म्हणून आधी दर कसा बनतो ते बघू.

येनचा दर 100 च्या हिशेबात का सांगतात?

एक येन म्हणजे साठ पैशांच्या आत-बाहेर. इतका छोटा आकडा सांगायला गैरसोयीचा, म्हणून भारतात येनचा संदर्भ दर 100 येनला किती रुपये असा जाहीर होतो. डॉलर, युरो आणि पौंडाचा मात्र एका एककाचा. चलन विक्रेत्याने ‘0.605’ सांगितलं काय किंवा ‘साडेसाठ’ सांगितलं काय, गोष्ट एकच. फोनवर दर विचारताना गोंधळ होतो तो इथेच.

दुसरी गोष्ट, रुपया आणि येन यांचा थेट मोठा बाजार नाही. दर निघतो तो डॉलरमार्फत. एका डॉलरला किती रुपये आणि एका डॉलरला किती येन, या दोन आकड्यांचा भागाकार. त्यामुळे रुपया घसरला तरी येन महाग होतो आणि जपानमध्ये व्याजदर वाढले तरी येन महाग होतो. दोन्ही एकदम झालं तर सहलीचा खर्च दोन्ही बाजूंनी वाढतो.

हा दर किती हलतो ते बघा. 2020 च्या उत्तरार्धात 100 येनला साधारण 70 रुपये पडत होते. जुलै 2024 मध्ये येन डॉलरसमोर 1986 नंतरच्या नीचांकावर गेला, एका डॉलरला 160 येनहून जास्त मिळू लागले, आणि भारतीयांसाठी 100 येन 52 रुपयांच्या आसपास आले. बँक ऑफ जपानने त्याच वर्षी मार्चमध्ये 17 वर्षांत पहिल्यांदा व्याजदर वाढवला होता, जुलैअखेर पुन्हा वाढवला, आणि येन सावरायला लागला. एप्रिल 2025 मध्ये भाव साठीच्या घरात होता. म्हणजे नऊ महिन्यांत जपान भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांनी महाग झालं, तेही तिथल्या रामेनची किंमत एक येनही न वाढता.

बाजारातला दर आणि दुकानातला दर

गुगलवर दिसतो तो बँकांच्या आपापसातल्या व्यवहाराचा मधला दर. त्या दराने कुणालाच नोटा मिळत नाहीत. नोटा परदेशातून आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात, त्यांचा विमा असतो, आणि विकल्या गेल्या नाहीत तर पैसा अडकून पडतो. हा सगळा खर्च विक्रेता दरात घालतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, रोजचा दर वेगळा असेल. समजा, मधला दर 100 येनला 58 रुपये आहे. विक्रेता नोटा देतो 60.50 ने. त्याच नोटा परत विकायला गेलं तर घेतो 55 ने. या दोन आकड्यांमधली साडेपाच रुपयांची दरी हाच त्याचा खर्च आणि नफा. फलकावर ‘शून्य कमिशन’ लिहिलेलं असलं तरी ही दरी असतेच. किंबहुना जिथे हे शब्द फार मोठ्या अक्षरांत असतात, तिथे दर जास्तच काळजीने विचारावा.

या हिशेबाने 1 लाख येनच्या नोटांना 60,500 रुपये पडतात. वर जीएसटी. तो पूर्ण रकमेवर 18 टक्के नसतो, आणि ही भीती अनेकांना विनाकारण असते. बहुतेक ठिकाणी 1 लाख रुपयांपर्यंतच्या चलन व्यवहारात रकमेचा 1 टक्का, पण किमान 250 रुपये, ही सेवेची किंमत धरतात आणि त्यावर 18 टक्के कर लागतो. 60,500 रुपयांवर तो होतो सुमारे 109 रुपये. एकूण 60,609. मधल्या दराच्या तुलनेत 2,609 रुपये जास्त.

म्हणून चार ठिकाणी चौकशी करताना ‘दर काय, कमिशन काय, कर काय’ असं वेगवेगळं विचारत बसण्यापेक्षा एकच प्रश्न पुरतो: ‘1 लाख येन माझ्या हातात पडायला एकूण किती रुपये द्यायचे?’ उत्तर एकाच आकड्यात घ्यायचं आणि तोच आकडा दुसऱ्या विक्रेत्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड इथल्या दोन-तीन विक्रेत्यांना आणि आपल्या बँकेला एकाच दिवशी, साधारण एकाच वेळी फोन केला तर कोण स्वस्त ते लगेच कळतं. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, सोमवारी दर कुठे उघडेल हे माहीत नसतं, म्हणून विक्रेते थोडं जास्त अंतर राखतात. फोन कामाच्या दिवशी दुपारी करावा.

विमानतळावरचा काउंटर हा शेवटचा पर्याय. नाशिकहून मुंबई विमानतळ गाठायचं म्हणजे समृद्धी महामार्गाने गेलं तरी चार-पाच तासांची घाई असते, आणि घाईतल्या गिऱ्हाईकाला कुणी स्वस्त दर देत नाही.

कागदपत्रं आणि मर्यादा

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक किंवा अधिकृत चलन विक्रेता, एवढ्याच दोन ठिकाणी येन घेता येतात. पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट दाखवावं लागतं, आणि एक अर्ज भरून द्यावा लागतो. अधिकृत विक्रेत्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. दुकानात परवान्याची प्रत लावलेली असते, ती बघायला संकोच नको.

एका प्रवाशाला एका सहलीसाठी 3,000 डॉलरइतकंच परकीय चलन नोटांच्या रूपात मिळतं. डॉलरला 150 येन धरले तर हे साडेचार लाख येन होतात. इतके नोटांमध्ये कुणालाच लागत नाहीत, त्यामुळे ही मर्यादा आड येत नाही. त्याहून जास्त रक्कम फॉरेक्स कार्डवर नेता येते. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची एकूण मर्यादा आहे, ती तर सहलीला जाणाऱ्याने विसरून जावी.

पैसे देताना मात्र एक नियम अनेकांना काउंटरवरच कळतो. एका सहलीसाठी घेतलेलं चलन 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर रोख रुपये चालत नाहीत. धनादेश, खात्यातून हस्तांतर किंवा कार्डच लागतं. तुकडे करून दोनदा घेतलं तरी सहल एकच धरली जाते.

टीसीएस म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर. चलन, फॉरेक्स कार्ड वगैरे मिळून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत घेतलं तर तो लागत नाही. ही सीमा 1 एप्रिल 2025 पासून आहे, आधी ती 7 लाख होती. टूर पॅकेजचं तसं नाही. तिथे पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो. हा दर 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि पुढे 20 टक्के असा होता. 2026 च्या अर्थसंकल्पाने तो सरसकट 2 टक्क्यांवर आणला, 1 एप्रिल 2026 पासून. कापलेली रक्कम बुडत नाही, प्राप्तिकर विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते. पण विवरणपत्रच न भरणाऱ्या आजी-आजोबांच्या नावावर कापली गेली तर ती परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं.

इथे साकुराच्या मोसमाची एक गंमत आहे. चेरीचा बहर क्योतो-तोक्योमध्ये साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो आणि आपलं आर्थिक वर्ष नेमकं तिथेच संपतं. मार्चमध्ये घेतलेलं चलन एका वर्षात मोजलं जातं, एप्रिलमध्ये घेतलेलं दुसऱ्या. मोठा खर्च करणाऱ्यांना याचा फायदा होतो. बाकीच्यांना फक्त इतकंच लक्षात ठेवायचं की 1 एप्रिलला बँका हिशेबासाठी बंद असतात, मार्चअखेर त्यांच्याकडे कुणाला वेळ नसतो आणि गुढीपाडवाही त्याच सुमारास येतो. त्या काळात निघायचं असेल तर येनची व्यवस्था मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लावावी.

सोसायटीच्या ग्रुपवरचे येन

‘आम्ही परवाच आलो, 30 हजार येन उरलेत, कुणाला हवेत? गुगलच्या दराने देतो.’ असा मेसेज सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो. दोघांचाही फायदा दिसतो. विकणाऱ्याला 55 ऐवजी 58 मिळतात, घेणाऱ्याला 60.50 ऐवजी 58 ने मिळतात.

पण फेमा कायद्याच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा 1999 च्या कलम 3 नुसार रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय अधिकृत नसलेल्या व्यक्तीशी परकीय चलनाचा व्यवहार करता येत नाही. शेजारी कितीही सज्जन असला तरी तो अधिकृत विक्रेता नसतो. उल्लंघनासाठी कलम 13 मध्ये रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. 30 हजार येनसाठी कुणाच्या दारात अधिकारी येईल असं नाही, पण सातशे रुपये वाचवण्यासाठी लेखी पुरावा व्हॉट्सअॅपवर ठेवून हा व्यवहार करण्यात शहाणपण नाही. शिवाय अनोळखी एजंटने आणून दिलेल्या नोटा खऱ्या की खोट्या हे तपासायला येन रोज हाताळणारं आपल्याकडे कोण आहे? पावती नसेल तर तक्रार करायलाही जागा नाही.

रोख, कार्ड की एटीएम?

जपान म्हणजे बुलेट ट्रेन, रोबो आणि सगळं डिजिटल, अशी आपली कल्पना. प्रत्यक्षात जपान बरीच वर्षं रोखीचा देश होता. तिथल्या अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये ग्राहकांच्या खर्चात रोखविरहित व्यवहारांचा वाटा 42.8 टक्क्यांवर आला, आणि 2025 पर्यंत 40 टक्के गाठायचं उद्दिष्ट वर्षभर आधी पूर्ण झालं म्हणून त्याची बातमी झाली. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड बघायची सवय असलेल्या नाशिककराला हे अजब वाटेल.

मोठी हॉटेलं, डिपार्टमेंट स्टोअर, साखळी दुकानं, बुलेट ट्रेनची तिकिटं इथे कार्ड व्यवस्थित चालतं. रोख लागते ती लहान रामेनच्या दुकानातल्या तिकीट यंत्रात, गावाकडच्या बसमध्ये, देवळांच्या प्रवेशाला, नाण्यांच्या लॉकरला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुइका, पासमो अशा प्रवास कार्डांत पैसे भरायला. मेट्रोपासून कन्व्हिनियन्स स्टोअरपर्यंत सगळीकडे चालणारं हे कार्ड पर्यटकाचा मोठाच आधार आहे, पण स्टेशनवरच्या यंत्रांवर ते बहुतेक ठिकाणी रोख येननेच भरावं लागतं. विमानतळावर उतरल्या उतरल्या थोडी रोख हवी ती यासाठीच.

वरच्याच काल्पनिक दराने 1 लाख येनच्या खर्चाचा हिशेब मांडू. मधल्या दराने होतात 58,000 रुपये.

नोटांना 60,609 रुपये, हे वर आलंच. साध्या क्रेडिट कार्डवर बँक साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलन शुल्क घेते, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के. म्हणजे सुमारे 60,395 रुपये. नोटांइतकंच महाग. दोन टक्के शुल्काचं कार्ड असेल तर हेच 59,369 वर येतं, आणि अजिबात शुल्क न घेणारी कार्डंही आता मिळतात. येन भरलेलं फॉरेक्स कार्ड 59 च्या दराने मिळालं तर जीएसटीसह सुमारे 59,106 रुपये, वर कार्ड काढण्याचा खर्च असेल तो.

फॉरेक्स कार्ड घेताना एक चूक फार महागात पडते. कार्डात डॉलर भरून जपानमध्ये वापरलं तर प्रत्येक खरेदीला डॉलरचे येन होतात आणि त्याचं वेगळं शुल्क लागतं. रुपयाचा डॉलर करताना एकदा, डॉलरचा येन करताना पुन्हा. ‘डॉलर भरा, सगळीकडे चालतो’ असं सांगितलं गेलं तरी कार्डात येनचा कप्पा आहे का हे विचारून तोच भरून घ्यावा. डॉलरच्या नोटा नेऊन तिथे बदलण्यातही हीच दुहेरी झीज आहे. आणि रुपयाच्या नोटा तिथे बदलायचा विचार तर करूच नये. परतीच्या रिक्षा-टॅक्सीसाठी माणशी 25,000 रुपयांपर्यंत भारतीय रोख सोबत नेता-आणता येते, तेवढाच तिचा उपयोग.

दुसरी चूक तिथल्या काउंटरवर होते. कार्ड लावल्यावर यंत्र विचारतं, रुपयांत भरणार की येनमध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडे जातं. पण रुपये निवडले की दर ठरवतो दुकानदाराच्या बाजूचा यंत्रचालक, आणि तो त्याच्या फायद्याचाच असतो. जपानमध्ये असताना कायम येन निवडावेत. एटीएमवरही तेच.

एटीएमचं बोलायचं तर सेव्हन-इलेव्हन दुकानांतली सेव्हन बँकेची एटीएम आणि टपाल कार्यालयांतली जपान पोस्ट बँकेची एटीएम परदेशी कार्ड घेतात. सेव्हन-इलेव्हन तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. त्यामुळे सगळी रोख नाशिकहूनच न्यायला हवी असं मुळीच नाही. प्रत्येक वेळी आपल्या बँकेचं आणि तिथल्या एटीएमचं शुल्क लागतं, म्हणून दहा वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच बरे. क्रेडिट कार्डने रोख काढू नये, त्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

हे सगळं चालण्यासाठी निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करावा लागतो. 2020 पासून नवी कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. विमानात बसल्यावर हे आठवून उपयोग नाही. पिन पाठ असावा. दोन वेगळ्या कंपन्यांची, शक्यतो व्हिसा आणि मास्टरकार्ड अशी दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवावीत. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये.

मग नाशिकहून किती न्यायचे? हॉटेल आणि मोठा प्रवास आधीच भरलेला असेल तर चौघांच्या कुटुंबाला आठ-नऊ दिवसांसाठी 80 हजार ते 1 लाख येन रोख पुरेशी आहे, बाकी कार्डावर. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना जेवण-प्रवास त्यातच असतो, त्यांना याच्या निम्मी रोखही जास्त होते. टिप द्यायची पद्धत तिथे नाही. ठेवलेली टिप वेटर विसरलेले पैसे समजून मागे पळत आणून देतो.

खरी जोखीम टूरच्या पत्रकात

रोख येनच्या दरात रुपया-दीड रुपयाचा फरक पडला तरी लाखभर येनमागे हजार-दीड हजारांचा प्रश्न असतो. त्यासाठी महिनाभर रोज दर बघत बसण्यात अर्थ नाही. पण अनेक टूर कंपन्या पॅकेजची किंमत दोन भागांत सांगतात, इतके रुपये अधिक इतके येन. जाहिरातीत रुपयांचा आकडा मोठा आणि येनचा बारीक अक्षरांत.

समजा, माणशी 2,50,000 येन असा भाग आहे. 52 च्या दराने तो 1,30,000 रुपये, 60 च्या दराने 1,50,000. चौघांचा फरक 80,000 रुपये. हे पैसे कुणाच्या खिशातून जाणार? बहुतेक करारांत उत्तर ‘प्रवाशाच्या’ असंच असतं, कारण दर पैसे भरायच्या दिवशीचा धरला जातो. नोंदणी करतानाच विचारावं: कोणत्या तारखेचा दर, कोणाचा दर, आणि येनचा भाग आज भरून दर पक्का करता येईल का. दर खाली येईल या आशेवर थांबणं हा सट्टा आहे, आणि त्यात बँक ऑफ जपानचा गव्हर्नर काय बोलतो हे नाशिकमध्ये बसून आधी कळत नाही. तीन हप्त्यांत भरण्याची सोय असेल तर तीन वेगवेगळ्या दरांची सरासरी पडते, तेवढी बरी.

नोटा, नाणी आणि ‘मान’

3 जुलै 2024 ला जपानने नव्या नोटा आणल्या. 10,000 वर उद्योजक शिबुसावा एइइची, 5,000 वर स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तक त्सुदा उमेको, 1,000 वर जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो. हलवली की चेहरा वळल्यासारखा दिसणारा त्रिमितीय होलोग्राम त्यांवर आहे. भारतातल्या विक्रेत्याकडून त्याआधीच्या, म्हणजे फुकुझावा युकिची यांच्या चित्राच्या 10,000 च्या नोटा मिळाल्या तर घाबरू नये. नोटबंदीची सवय असल्याने आपल्याला धाकधूक होते, पण जुन्या नोटा पूर्णपणे चालतात. उलट काही जुन्या यंत्रांना नव्याच नोटा ओळखता येत नाहीत. शुरेइमोन दरवाजाचं चित्र असलेली 2,000 ची नोट क्वचित दिसते, मिळाली तर ठेवून द्यावी. घेताना 1,000 च्या थोड्या नोटा आवर्जून मागाव्यात. बसमध्ये 10,000 ची नोट काढणाऱ्याकडे चालक फार नम्रपणे, पण हताशपणे बघतो.

जपानी लोक मोठे आकडे दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतात, त्याला ‘मान’ म्हणतात. 3 मान म्हणजे 30,000, आणि आपला एक लाख म्हणजे त्यांचे 10 मान. झटपट हिशेबासाठी किमतीतली शेवटची दोन शून्यं काढून 60 ने गुणावं. 1,200 येनचा रामेन म्हणजे बारा साठे 720 रुपये. किमतीच्या पाटीवर अनेकदा दोन आकडे असतात, मोठा करावाचून आणि छोटा करासह. द्यायचा असतो तो छोट्या अक्षरांतला. उपभोग कर 10 टक्के आहे, खाद्यपदार्थ घरी नेले तर 8. एका दुकानात एका दिवशी 5,000 येन किंवा जास्त खरेदी असेल तर पासपोर्ट दाखवून परदेशी पर्यटकाला हा कर वाचवता येतो. 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलते: दुकानात पूर्ण कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा. तेव्हा खरेदीसाठी हाताशी थोडी जास्त रक्कम लागेल.

परत आल्यावर

उरलेले 20,000 येन 55 च्या दराने विकले तर 11,000 रुपये मिळतात, त्यातून 45 रुपये कर. तेच घेताना 12,100 पडले होते. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत आधी रोख संपवावी आणि कार्ड मागे ठेवावं, हा साधा उपाय.

तरी उरलेच तर नियम असा: परतल्यापासून 180 दिवसांत न वापरलेलं चलन अधिकृत विक्रेत्याला परत करायचं. पण 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवायला परवानगी आहे. त्यामुळे पुन्हा जायचा बेत असेल किंवा मुलगा-मुलगी तिकडे शिकायला जाणार असेल तर तोट्यात विकायची सक्ती नाही. खरेदीची पावती मात्र त्याच पाकिटात ठेवावी. फॉरेक्स कार्डातली शिल्लक परत मागतानाही ती लागते, आणि ती मागायची असते हेच अनेक जण विसरतात. पुढे कधीतरी कार्डाची मुदत संपते आणि आत दोन-चार हजार तसेच पडून असतात.

नाणी इथे कुणी परत घेत नाही. 500 येनचं एक नाणं म्हणजे जवळपास तीनशे रुपये, आणि अशी पाच-सहा नाणी बॅगेच्या तळाशी सापडतात ती घरी आल्यावर. रोज संध्याकाळी पाणी-बिस्किटांचे पैसे नाण्यांनीच द्यावेत. भोकाचं पाच येनचं पितळी नाणं तेवढं आणायला हरकत नाही. जपानी भाषेत पाच येन आणि चांगला ऋणानुबंध यांचा उच्चार सारखाच, ‘गोएन’, म्हणून देवळात तेच नाणं टाकतात. घरातल्या मुलांना नाण्यांची गोडी लागली तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. आणि एप्रिलमध्ये ओसाकाला जाणाऱ्यांनी तिथल्या टांकसाळीच्या आवारातली चेरीच्या झाडांची वाट चुकवू नये. बहराच्या आठवड्यात ती लोकांसाठी खुली करतात.